थांबलेल्या गाड्यांचा हिशेब

इंदूरच्या विजयनगर भागातील आमच्या कार्यालयाचे काम संध्याकाळी सुरू होते, कारण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इंदूरला उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. उत्तर अमेरिकेतील काही वाहनविक्रेत्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी, सुट्या भागांचा साठा आणि ग्राहकांना द्यायची अंदाजपत्रके आम्ही सांभाळतो. या विक्रेत्यांपैकी बरेच जण स्नोमोबाइल विकतात, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी. आमच्यापैकी कोणीही ती चालवलेली नाही. आमची तिच्याशी ओळख आहे ती जॉबकार्डांमधून; ती कशाने बंद पडते, कोणता भाग यायला किती दिवस लागतात, कोणते काम दर हंगामात हमखास निघते, एवढे मात्र आम्हाला नीट ठाऊक असते.

एप्रिल २०२५मधील एका संध्याकाळी एका विक्रेत्याचा निरोप आला. त्याचा एक जुना ग्राहक, उत्तर मिनेसोटाच्या जंगलात पाहुण्यांसाठी लॉज चालवणारे एक कुटुंब, दुपारी मुलासह दुकानात येणार होते आणि त्यांना भाड्याने देण्याच्या निम्म्या गाड्या बदलायच्या होत्या. या धंद्यात पुढच्या हिवाळ्याच्या गाड्यांची मागणी वसंतातच नोंदवावी लागते. ठरावीक तारखेपर्यंत नोंदणी झाली की उन्हाळ्यात गाड्या तयार होतात आणि बर्फ पडण्याआधी पोहोचतात. ती तारीख दुसऱ्याच दिवशी संपत होती. ब्रँड तोच ठेवायचा की बदलायचा, यावर बापलेकांचे अनेक आठवडे एकमत होत नव्हते. विक्रेत्याने आम्हाला लिहिले होते की, या ग्राहकासाठी खरा तुलनात्मक हिशेब तयार करा आणि तो दुसऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवत असेल तरी तसाच पाठवा. गाव लहान असल्याने हे कुटुंब रोज त्याच्या समोर येणार होते आणि चुकीच्या सल्ल्याने विकलेली गाडी त्याला नको होती.

प्रश्न सोपा नव्हता. कुटुंबाच्या सगळ्या गाड्या आर्क्टिक कॅट या एकाच ब्रँडच्या होत्या आणि ही कंपनी त्यांच्याच राज्यातली, थीफ रिव्हर फॉल्स या गावातली. १९५४मध्ये जवळच्याच रोझो गावात पोलारिसची सुरुवात करणाऱ्यांपैकी एडगर हेटीन यांनी पुढे ती कंपनी सोडून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला थीफ रिव्हर फॉल्स येथे ही दुसरी कंपनी उभी केली. स्नोमोबाइलच्या जगातले दोन मोठे ब्रँड अशा रीतीने एकाच माणसाच्या हातून, एकाच भागात जन्मले. तिसरा मोठा ब्रँड स्की-डू हा कॅनडातील क्वेबेकच्या वालकूर गावचा, १९५९ पासूनचा. आर्क्टिक कॅट २०१७मध्ये टेक्स्ट्रॉन या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली आणि २०२४च्या अखेरीस टेक्स्ट्रॉनने जाहीर केले की पुढील वर्षाच्या पहिल्या सहामाहीत उत्पादन थांबवले जाईल. त्यापूर्वी २०२३मध्ये यामाहाने स्नोमोबाइलच्या व्यवसायातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची घोषणा केली होती. या कुटुंबाकडच्या काही गाड्या अशा होत्या की सांगाडा आर्क्टिक कॅटचा आणि फोर-स्ट्रोक इंजिन यामाहाचे. म्हणजे एकाच गाडीमागे उभ्या असलेल्या दोन्ही कंपन्यांचे पाय डळमळीत झाले होते.

आमच्या तरुण सहकाऱ्याने, जो देवासहून रोज ये-जा करतो, पहिला तक्ता झटपट तयार केला. त्यात किंमत, इंजिनाची ताकद, वजन, ट्रॅकची लांबी आणि वॉरंटी असे रकाने होते. तक्ता व्यवस्थित होता, आणि त्यावरून स्की-डूचे लहान फोर-स्ट्रोक इंजिन भाड्याच्या धंद्याला सर्वांत योग्य दिसत होते. ते पेट्रोल कमी घेते, आवाज कमी करते, टू-स्ट्रोकप्रमाणे त्यात सतत तेल ओतावे लागत नाही, आणि नवख्या पाहुण्याच्या हाती गाडी देताना वेग मर्यादित ठेवणारी वेगळी किल्ली वापरण्याची सोयही त्या ब्रँडच्या काही गाड्यांमध्ये आहे. मुलाचे मतही हेच होते, असे विक्रेत्याने कळवले होते.

आमच्याकडे एक काका आहेत. पिथमपूरच्या एका वाहन कारखान्याच्या सुट्या भागांच्या विभागात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आणि नंतर आमच्याकडे आले. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाले, "अगं, हे सगळं कंपनीच्या पत्रकात असतंच. त्या लॉजवाल्यांच्या गाड्या मागच्या हंगामांत किती दिवस उभ्या होत्या आणि कशासाठी उभ्या होत्या, ते काढ. गाडी दुरुस्त करायला दोन तास लागतात. ती दोन आठवडे का उभी राहिली, ते शोधलं पाहिजे."

हाती वेळ थोडा होता, पण काकांचे म्हणणे मला लगेच पटले, कारण भाड्याने दिलेल्या गाडीचे नुकसान दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही. जानेवारीतल्या शनिवार-रविवारी पाहुणे आले आणि चार गाड्यांऐवजी तीनच चालू असल्या, तर एका कुटुंबाची अख्खी सहल रद्द होते आणि ते कुटुंब पुढच्या वर्षी दुसऱ्या लॉजवर जाते. आम्ही त्या लॉजची गेल्या काही हंगामांची जॉबकार्डे काढली आणि प्रत्येक कार्डावर गाडी कधी आली, काम कधी सुरू झाले, कधी संपले आणि मधले दिवस कशात गेले, हे एकेक करून लिहू लागलो.

त्यातून जे चित्र उभे राहिले ते आम्हा तिघांनाही अनपेक्षित होते. सर्वांत जास्त वेळा बदललेल्या वस्तूंमुळे गाड्या जवळजवळ उभ्या राहिल्याच नव्हत्या. ड्राइव्ह बेल्ट, स्पार्क प्लग, स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा, ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, लहान चाके, या सगळ्यांचा साठा लॉजच्या शेडमध्येच होता आणि वडील ते काम रात्री स्वतः उरकत. २०२३–२४चा हिवाळा, जो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला, त्या हंगामात तर या प्लास्टिकच्या पट्ट्या फारच लवकर झिजल्या होत्या, कारण त्यांना थंड आणि गुळगुळीत ठेवण्याचे काम बर्फच करतो. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनांचेही तसेच आहे. त्यांची उष्णता ट्रॅकने मागे उडवलेल्या बर्फाने निघून जाते, म्हणून कडक, कोरड्या वाटेवर ती तापतात. त्या हंगामात काही गाड्या तापून परत आल्याच्या नोंदी होत्या, पण त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू झाल्या होत्या.

उभ्या राहिलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून बरेच जास्त दिवस गेले होते ते क्वचित लागणाऱ्या भागांची वाट पाहण्यात: एखादा सेन्सर, एखादा तारांचा जोड, क्लचच्या आतला एखादा तुकडा. हे भाग कोणी शेडमध्ये ठेवत नाही. विक्रेत्याकडे असले तर गाडी त्याच संध्याकाळी परत जायची. नसले तर कारखान्याकडून मागवावे लागत. आणि २०२४च्या डिसेंबरनंतरच्या कार्डांत हे वाट पाहण्याचे दिवस स्पष्टपणे वाढलेले दिसत होते. याखेरीज संगणक जोडून दोष शोधण्याचे काम सहसा अधिकृत विक्रेत्याकडेच होते. प्रत्येक ब्रँडचे त्यासाठीचे सॉफ्टवेअर वेगळे, क्लच काढण्याची हत्यारेही वेगळी. स्की-डूचा सर्वांत जवळचा विक्रेता त्या लॉजपासून सुमारे दोन तासांच्या अंतरावर होता. आमचा विक्रेता, जो आर्क्टिक कॅट आणि पोलारिस दोन्ही विकतो, अर्ध्या तासावर होता.

या टप्प्यावर आमच्या तरुण सहकाऱ्याने एक मध्यम मार्ग सुचवला. निम्म्या जुन्या गाड्या आहेतच, निम्म्या नव्या ब्रँडच्या घ्याव्यात आणि दोन-तीन वर्षांत अनुभव घेऊन ठरवावे. ऐकायला हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो आणि माझ्या मते भाड्याच्या धंद्यासाठी तोच सर्वांत महाग आहे. बेल्ट दोन प्रकारचे, पट्ट्या दोन प्रकारच्या, हत्यारे दोन प्रकारची, आणि शेडमधल्या फळीवरचा साठा दुप्पट. शिवाय पाहुण्यांना वाटेवर नेणाऱ्या मार्गदर्शकाला दर गाडीची वेगळी सवय लक्षात ठेवावी लागते. ज्याच्या घरी एकच गाडी आहे त्याने बदल सावकाश केला तरी चालतो. ताफा असेल तर बदल करायचाच झाल्यास शक्य तितक्या लवकर पूर्ण करावा, असे मी त्या रात्रीच्या टिपणात लिहिले.

रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे दुपारी बारा वाजता, विक्रेत्याने आम्हाला फोनवर जोडले. वडील आणि मुलगा त्याच्या टेबलासमोर बसले होते. मी थांबलेल्या दिवसांचा तक्ता समजावून सांगितला. मुलाने इंजिनाबद्दल नेमके प्रश्न विचारले आणि मी ते इंजिन चांगले असल्याचे मान्य केले; त्यात वाद घालण्यासारखे काही नव्हतेच. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. ते म्हणाले की, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी दिवाळखोरीत जाऊन बंद पडली होती, तेव्हाही सगळे म्हणाले होते की ती संपली, आणि ती परत आली. मग या वेळी ती परत येणार नाही असे तुम्हाला कशावरून वाटते?

मला तसे वाटत नव्हते, आणि मी त्यांना तसेच सांगितले. कंपनी परत येईलही, कदाचित लवकर येईल. पण तुमच्यापुढचा प्रश्न पुढच्या जानेवारीचा आहे. त्या महिन्यात एखादा सेन्सर गेला तर तो कोणाच्या फळीवर असेल, हे आज आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. पोलारिसच्या बाबतीत तो या दुकानात असेल किंवा दोन दिवसांत येईल, हे आम्ही याच दुकानाच्या नोंदींवरून सांगू शकतो. काकांनी मग मला मराठीत सांगितले आणि मी ते इंग्रजीत वडिलांना सांगितले की, चाळीस वर्षे सुटे भाग मोजल्यावर त्यांचे मत असे झाले आहे की गाडी विकत घेताना माणूस कारखाना पाहतो, पण ती चालवताना त्याला फक्त गोदाम लागते.

वडिलांचा विरोध केवळ सवयीचा नव्हता, हे मला बोलता बोलता कळले. थीफ रिव्हर फॉल्सच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीची माणसे काम करत होती. कारखाना थांबलेला असताना आपणही पाठ फिरवायची, हे त्यांना जड जात होते. इंदूरच्या कापड गिरण्या बंद पडल्यानंतर गिरणी कामगारांच्या घरांत काय झाले हे आमच्या पिढीने आईवडिलांकडून ऐकले आहे, म्हणून त्यांच्या त्या भावनेला मी तक्त्यातल्या आकड्यांनी उत्तर दिले नाही. विक्रेत्यानेच मग मार्ग काढला. भाड्याच्या सगळ्या गाड्या दोन हंगामांत पोलारिसच्या होतील. पहिल्या टप्प्यात पंख्याने थंड होणारी साधी इंजिने असलेल्या गाड्या घ्यायच्या, कारण बर्फ कमी पडला तरी त्या तापत नाहीत आणि नवख्यांना तेवढी ताकद पुरेशी असते. जुन्यांपैकी दोन सर्वांत चांगल्या गाड्या कुटुंबाच्या स्वतःच्या वापरासाठी ठेवायच्या, आणि ज्या दोन विकून फारसे पैसे येणार नव्हते त्या सुट्या भागांसाठी शेडच्या मागे ठेवायच्या. मुलाला त्याचे आवडते इंजिन मिळाले नाही, पण दोन तासांच्या अंतरावर आजारी गाडी ट्रेलरवर चढवून नेण्याचे काम त्यालाच करावे लागले असते, हे त्याने स्वतःच बोलून दाखवले.

नोंदणी पूर्ण होईपर्यंत इंदूरला मध्यरात्र उलटून गेली होती. काही दिवसांनी, त्याच महिन्यात, आर्क्टिक कॅट एका नव्या गटाने विकत घेतल्याची बातमी आली. त्या गटाचा प्रमुख याच कंपनीत पूर्वी अधिकारी होता. मी ती बातमी काकांना वाचून दाखवली. त्यांना मनापासून आनंद झाला आणि मलाही झाला. आमचा सल्ला मात्र त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावर दिलेला होता आणि तो आजही मी तसाच देईन. विक्रेत्याने कळवले की वडिलांनी स्वतःच्या दोन गाड्यांसाठी लगेच नवे बेल्ट मागवले आणि भाड्याच्या गाड्यांची नोंदणी तशीच ठेवली.

त्यानंतर आम्ही सर्व विक्रेत्यांच्या जॉबकार्डांत दोन नवे रकाने घातले: गाडी थांबलेले दिवस, आणि थांबण्याचे कारण. कारणात "दुरुस्ती" एवढेच लिहिलेले कार्ड काका परत पाठवतात. भाग कोणता, तो कोणत्या गोदामातून आला आणि मागितल्यापासून किती दिवसांनी आला, हे लिहिल्याशिवाय ते कार्ड बंद होऊ देत नाहीत.