मंडईतली झंडीमुंडी आणि कॅसिनोतला क्रॅप्स

दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे मंडया (गावच्या जत्रा) भरल्या की कुठेतरी कोपऱ्यात झंडीमुंडीचा पट मांडलेला असतो. जुगार बेकायदा आहे, तरी गर्दी कमी नसते. सहा फासे, सहा चित्रं. आपलं चित्र दोनदा आलं तर लावलेले पैसे परत आणि वर दुप्पट, तीनदा आलं तर वर तिप्पट, असंच पुढे, आणि एकदाच आलं तर पैसे गेले, असा नियम असेल तर मांडणारा शंभरामागे सरासरी 13.9 रुपये कापतो.

क्रॅप्समध्ये दोनच फासे. ‘पास लाइन’वर पैसे लावायचे. पहिल्या फेकीत 7 किंवा 11 आले की जिंकलो. 2, 3, 12 आले की हरलो. बाकी आकडा आला तर तो ‘पॉइंट’, आणि 7 च्या आधी तोच पुन्हा यायला हवा. इथं कॅसिनोचा वाटा 1.41 टक्के.

खरी मेख ‘ऑड्स’मध्ये आहे. पॉइंट ठरल्यावर मागे लावायच्या या रकमेवर कॅसिनो काहीच कापत नाही. 4 किंवा 10 ला एकास दोन, 5 किंवा 9 ला दोनास तीन, 6 किंवा 8 ला पाचास सहा. म्हणून 6 आणि 8 वर पाचाच्या पटीतच लावा, नाहीतर वरची चिल्लर बुडते. लाइनवर 100, ऑड्सला 200 हा हिशेब पुरे. अर्थात, एका डावात 300 जाऊ शकतात.

टेबलाच्या मधल्या ‘एनी सेव्हन’ला (पुढच्याच फेकीत 7 येईल या पैजेला) हात लावू नका, तिथं 16.67 टक्के कापतात, म्हणजे झंडीमुंडी बरी!

हरलं की दुप्पट लावणाऱ्यांनी एवढं पाहावं: 100 पासून सलग सहा हरले की 6,300 गेले, सातवा डाव 6,400 चा. तोवर टेबलाची मर्यादा आडवी येते.