बेसवरचं संध्याकाळचं कॉलेज आणि माझं आडनाव

नवरा अमेरिकन सैन्यात. त्याची बदली जर्मनीत झाली, कायझर्सलाउटर्नला. तिथले अमेरिकन फौजी त्या गावाला के-टाउन म्हणतात. बेसवर, म्हणजे लष्करी तळावर, संध्याकाळी कॉलेजचे वर्ग भरतात हे तिथे गेल्यावर कळलं. प्रकार जुनाच आहे. मेरिलँड विद्यापीठाने १९४९ साली जर्मनीतल्या अमेरिकन सैनिकांसाठी वर्ग काढले, ते आजही चालतात. आठ आठवड्यांचं सत्र, तीन क्रेडिटचा विषय (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप). मला अकाउंटिंग हवं होतं. ऑनलाइन अर्ज चहा गार व्हायच्या आत भरून झाला.

अडलं ते माझ्या बी.कॉम.पाशी. ते धरून हवं असेल तर अमेरिकेतल्या एखाद्या संस्थेकडून गुणांचं मूल्यमापन करून आणायचं, नाहीतर बारावी पास म्हणून पहिल्यापासून सुरुवात. तीन वर्षं घासून मिळवलेली पदवी अशी सोडून देणार? त्या संस्थेला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, थेट विद्यापीठाकडूनच हवी. बंद पाकीट, चिकटवलेल्या जागेवर सही-शिक्का.

विद्यापीठ महाराष्ट्रातलंच, नाव घेत नाही. बाबा तिथे गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पाहिला आणि म्हणाल्या, "काका, मार्कशीटवर माहेरचं नाव, अर्जावर सासरचं. मुलगी कोण हे आम्ही कसं ठरवायचं?" बाबा म्हणाले, "मी बाप आहे हो तिचा." त्यावर, "तसं लेखी आणा." लेखी म्हणजे माझं अधिकारपत्र, विवाह प्रमाणपत्राची प्रत आणि कॉलेजच्या प्राचार्यांनी साक्षांकित केलेल्या सगळ्या गुणपत्रिका. प्राचार्य रजेवर. ते आले तेव्हा परीक्षा विभाग निकालाच्या गडबडीत. फोन करायचा तर हिवाळ्यात तिकडे साडेदहाला ऑफिस उघडतं तेव्हा इकडे सकाळचे सहा. मी अंधारात स्वयंपाकघरात उभी राहून "साहेब जागेवर नाहीत" ऐकायची. बाबांसमोर मी चिडायची नाही, फोन ठेवल्यावर चिडायची.

शेवटी पाकीट निघालं, अमेरिकेत पोचलं आणि तिथे पुन्हा तेच. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि वेगळ्या रकान्यात आईचं. त्यांनी शेवटचा शब्द आडनाव धरला. म्हणजे माझ्या बाबांचं नाव माझं आडनाव झालं, आणि अशा नावाच्या कुणी अर्जच केला नव्हता. फाईल बाजूला. एक सत्र तिथेच गेलं.

सुटलं ते विवाह प्रमाणपत्रामुळे. आमचं मराठी-इंग्रजी दोन्हीत होतं म्हणून भाषांतर करावं लागलं नाही. सोबत नावांचा क्रम समजावणारं एक पत्र जोडलं. तेव्हा अर्जात 'पूर्वीचं नाव' हा रकाना दिसला की तिथे मार्कशीटवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा. आणि भारत सोडायच्या आधीच ट्रान्सक्रिप्टची दोन-तीन बंद पाकिटं जास्तीची काढून ठेवा. सगळ्याच संस्था ती आपल्या हातून घेत नाहीत, पण काही घेतात.

पैशांचं सांगायचं राहिलं. सैनिकाला शिकायला क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत मदत मिळते, ती बायकोला लागू नाही. तिच्यासाठी मायका (MyCAA) नावाची वेगळी योजना आहे, एकूण ४,००० डॉलरपर्यंत, पण नवऱ्याचा हुद्दा ठरावीक पायरीच्या आत हवा आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी मंजुरी हवी. ती असोसिएट पदवी (दोन वर्षांची) किंवा सर्टिफिकेटसाठी चालते, बॅचलर्ससाठी नाही. मी सर्टिफिकेटच धरलं.

वर्ग मात्र झकास. शेजारचा मुलगा गणवेशातच यायचा, बुटांना चिखल. मध्येच युद्धसरावाला गेला की त्याची खुर्ची रिकामी. सोळा आठवड्यांचा अभ्यास आठात कोंबलेला, त्यामुळे एक संध्याकाळ बुडाली तरी ताळेबंद जुळेनासा होतो. मला ए मिळाला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हो, आणि घरून कागद मागवताना एपीओचा, म्हणजे अमेरिकन लष्करी टपालाचा, पत्ता देऊ नका, खासगी कुरिअर तिथे पोचवत नाहीत. बेसबाहेर राहत असाल तर जर्मन घराचा पत्ता द्या, आणि दारावरच्या पाटीवर आडनाव लावलेलं असू द्या. इथला पोस्टमन तेच बघतो.