हिरवा पट्टा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

दादा हसला. ताई तर डोळे पुसेपर्यंत हसली. आणि मी पाच महिने घोकलेलं वाक्य कसंबसं तोंडाबाहेर काढलं होतं, "आईचा करंडा माझ्याकडे आहे."

ठरलं होतं ना, कपाटातून निघेल ते आधी सतरंजीवर, मग वाटण्या. पाटल्या ठेवल्या, पैठणी ठेवली. करंडा तेवढा पर्समध्ये गेला. चांदीचा, लिंबाएवढा, कडेला वाळलेलं कुंकू.

तेव्हापासून सर गवेन पाठ सोडत नाही. एम.ए.ला पेपरपुरती वाचलेली इंग्रजी कविता, आर्थर राजाच्या या सरदाराची, चौदाव्या शतकाच्या अखेरची, 2530 ओळी, कवी अज्ञात. गवेन आणि तो ज्याच्याकडे उतरलाय तो यजमान, त्यांचंही असंच ठरलेलं असतं: दिवसभरात मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचं. यजमान शिकारीला, घरी त्याची बायको पाहुण्याला भुलवतेय. पहिल्या दिवशी एक चुंबन, मग दोन, मग तीन. गवेन सगळी इमानेइतबारे यजमानाला पोचती करतो (वर्गात काय हशा पिकला होता!). लपवतो फक्त तिने दिलेला हिरवा पट्टा. तो कमरेला असला की मरण येत नाही म्हणे, आणि दुसऱ्याच दिवशी, 1 जानेवारीला, वर्षापूर्वी लागलेल्या पैजेपायी कुऱ्हाडीखाली मान द्यायची असते.

कुऱ्हाडवाला म्हणजे यजमानच. दोन घाव नुसत्या हुलकावण्या, तिसरा मानेला जरासा चाटून जातो. तेवढा पट्ट्याबद्दल. जिवाच्या भीतीने केलंस, जा, म्हणतो. गवेन शरमेने लाल. मग आदम, सॉलोमन, सॅमसन, डेव्हिड यांना बायकांनीच कसं बुडवलं, ते ऐकवत बसतो. ज्या बाईवर ढकलतोय तिला कवितेत नावही नाही.

मीही आईवर ढकलून पाहिलंच की. "हा तुला हो" असं ती म्हणाली होती, असं. म्हणाली नव्हती.

गवेन आर्थरच्या दरबारात परततो, पट्टा आडवा घालून, डाव्या काखेखाली गाठ. सगळं कबूल करतो. दरबार खो खो हसतो, आणि ठरवतो की आपणही सगळ्यांनी हिरवे पट्टे घालायचे. पेपरात मी लिहिलं होतं, दरबाराचा मोठेपणा. आज वाटतंय, त्या बिचाऱ्याची शरमसुद्धा काढून घेतली. कुणीतरी रागवायला हवं होतं. मला हवं होतं. दादाने निदान "असं का केलंस" एवढं तरी...

ताई म्हणे, "अगं, पोळपाट-लाटणं मी आदल्या रात्रीच डिकीत टाकलं होतं." दादाने ड्रॉवरमधून अडकित्ता काढला. आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्याने!

इतके महिने मी एकटीच चोर म्हणून मिरवत होते.

आता ग्रुपवर लाटण्याचा फोटो आलाय, अडकित्त्याचाही. माझी वाट बघतायत. तीनदा काढला. झाकण नीट बसत नाही त्याचं, आतलं कुंकू दिसतं.