खाचरातले दुसरे भात

आश्विन लागला की आमच्या सिंधुदुर्गातल्या खाचरांत भाताच्या लोंब्या माना टाकू लागतात, आणि त्याच सुमारास त्यांच्या वर वीतभर डोके काढून उभी असलेली चार-दोन रोपे नजरेत भरतात. लहानपणी बेणणीच्या वेळी आजी अशी रोपे नेमकी हेरायची आणि मला म्हणायची, "ह्या आपला न्हय, उपटून टाक." पान तेच, पेर तेच, मग आपले कुठले आणि परके कुठले, हा प्रश्न मला तेव्हाही पडत असे. पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो, ते शिकवण्यात आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर पुन्हा त्याच खाचरात उभा राहिलो तेव्हा तोच प्रश्न जरा नीट अभ्यासावासा वाटला.

गेल्या वर्षी अशी एक लोंबी मी देठाशी अलगद मुठीत धरून वर ओढली. हातात पंचवीस-तीस दाणे आले आणि लोंबीवर उरले ते बहुतेक नुसते देठ, कारण निम्मे दाणे त्याआधीच चिखलात गेले होते. शेजारच्या आपल्या भाताची लोंबी तशीच ओढली तर हाताला फक्त तूस खुपले. तिचे दाणे सोडवायला झोडणीच लागते. दोन्हींचे तीस-तीस दाणे मी ओल्या फडक्यात घालून ठेवले. आपले भात चौथ्या दिवशी मोडावले. दुसऱ्या भाताचे दोन आठवड्यांत सहाच दाणे उगवले आणि बाकीचे नुसते पडून राहिले. पिकण्याआधी गळणे आणि उगवण्याची घाई न करणे, या दोन खोडींवर या तणाचा सगळा संसार उभा आहे.

पुष्कळ वर्षे माझी समजूत अशी होती की हे तण म्हणजे देवभाताचाच खाचरात शिरलेला भाऊबंद. देवभात तळ्याच्या कडेने आपसूक उगवते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न चालत नाही, म्हणून ते त्या दिवशी शिजवतात. संस्कृतातला नीवार तो हाच. १९६५ मध्ये एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या संशोधकांनी वर्षभरात जीवनक्रम संपवणाऱ्या रानभाताला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यांनीही हाच शब्द उचलला आणि ‘ओरायझा निवारा’ हे नाव रूढ झाले. जिथे रानभात आणि शेतातले भात शेजारी नांदतात तिथे दोघांचा संकर होतो आणि त्यातून तण निपजते, हे खरेच आहे. परंतु सगळ्या तणभाताचा उगम असा नाही, हे मला अमेरिकेतल्या संशोधनावरून कळले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील भातपट्ट्यात तांबड्या दाण्याच्या तणभाताची नोंद १८४६ पासून आहे. तिथे मात्र ज्याच्याशी संकर व्हावा असा रानभात आसपास नाही. (तिकडे रानतांदूळ म्हणून जे विकतात ते वेगळ्याच प्रजातीतले गवत.) सेंट लुईसचे केनेथ ऑल्सन, मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅना कायसेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तणांचे जनुकसंच तपासले तेव्हा दोन वेगळी घराणी हाती लागली. पेंढ्याच्या रंगाची तुसे असलेले तण इंडिका गटातल्या भातापासून आले होते, तर काळ्या तुसाचे आणि लांब कुसळांचे तण बंगालकडच्या औस भातापासून. औस भाताची लागवड अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर कधी झालीच नाही. म्हणजे हे तण आशियातच तयार झाले आणि बियाण्यात मिसळून समुद्र ओलांडून गेले. याहून महत्त्वाचे हे की दोन्ही घराण्यांचे पूर्वज रानातले नव्हते. ती माणसाने पाळलेली भातेच होती, आणि दावे तोडून सुटलेल्या जनावरासारखी ती पुन्हा स्वतःच्या बळावर जगायला लागली होती.

याचा पुरावा गळण्याच्या जनुकात सापडतो. भाताच्या चौथ्या गुणसूत्रावर ‘एसएच-४’ नावाचे जनुक आहे. त्याच्या डीएनएतले एकच अक्षर बदलले, त्यामुळे प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलले, आणि दाणा देठाला धरून राहू लागला. २००६ मध्ये हा बदल उघडकीस आला, आणि लागवडीच्या जवळजवळ सर्व आशियाई भातांत तो आढळतो. अमेरिकन तणभात रानातून आले असते तर त्यात या जनुकाचे जुने, गळवणारे रूप दिसायला हवे होते. प्रत्यक्षात त्यात पाळीव रूप आहे, आणि तरीही दाणे गळतात. दाणा आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा जो पातळ पडदा असतो तो या तणांत फुलोऱ्याच्या वेळीच विरायला लागतो, रानभातापेक्षाही थोडा आधी. म्हणजे पाळण्याची कडी तशीच लागलेली राहिली आणि तणाने भलत्याच जनुकांच्या वाटेने कुंपण ओलांडले. उत्क्रांती आल्या पावली मागे फिरत नाही, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, पण त्याचे इतके बोलके उदाहरण माझ्याकडे कधी नव्हते.

दाण्याच्या तांबड्या रंगाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सातव्या गुणसूत्रावरचे ‘आरसी’ हे जनुक धड असले की तांदळाची साल तांबडी होते. त्यातली १४ अक्षरे गळाली की जनुक निकामी होते आणि तांदूळ पांढरा निघतो. हेच जनुक दाण्यातल्या अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण वाढवते आणि त्यामुळे दाणा दीर्घ काळ झोपून राहतो. पांढरा तांदूळ निवडताना माणसाने न कळत लवकर उगवणारे बी निवडले, आणि तणाला झोप हवी होती म्हणून तांबडा रंग त्याच्यासोबत राहिला. येथे मला आपल्या बाजूची एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. अमेरिकेत ‘तांबडा तांदूळ’ ही तणाला दिलेली शिवी आहे, तर आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज तांबडीच हवी असते. गोव्याच्या खाजणांत खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुटाला तर तांबडा दाणा आणि कुसळ दोन्ही असतात. भाताला तण ठरवायला नुसता रंग किंवा नुसते कुसळ पुरेसे नाही.

आजीची पिढी या तणाला आवरू शकली ती मुख्यतः लावणीमुळे. तरवा काढून ओळीने लावला की खाचरात आपोआप उगवलेले रोप ओळीबाहेर दिसते, आणि लावलेल्या रोपाला तीन आठवड्यांची आघाडीही मिळते. मनुष्यबळ मिळेनासे झाल्यावर मलेशियात थेट पेरणी रुळली आणि १९८० च्या दशकाअखेर तिथे तणभात उसळले. छत्तीसगडमध्ये फेकून पेरलेल्या भातातल्या ‘करगा’ नावाच्या तणभाताला ओळखण्यासाठी जांभळ्या पानांचे वाण आणण्यात आले, म्हणजे हिरवे दिसेल ते उपटायचे. युक्ती नामी होती, पण अशा ठिकाणी संकरातून जांभळा रंग तणातही उतरतो आणि निंदणारा माणूसच त्या रंगाच्या तणाला जपत राहतो.

तणनाशकाचेही तसेच झाले. इमिडाझोलिनोन गटातली तणनाशके सहन करणारे भात २००२ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. भातात परपरागीभवन सहसा एक टक्क्याहून कमी असते, पण हजारो एकरांवर आणि वर्षानुवर्षे तेवढेही पुरते. तिथल्या तणभातात तो गुण पोहोचला. भारतात २०२१ मध्ये पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे त्याच गटातले इमाझेथापायर हे तणनाशक सहन करणारे वाण थेट पेरणीसाठी आले. कोकणातल्या मजुरीचे दर पाहता थेट पेरणी इकडेही वाढणार, आणि त्याबद्दल कोणत्याही शेतकऱ्याला दोष देण्याची माझी तयारी नाही. स्वच्छ बियाणे आणि पिकांची फेरपालट यांची जागा मात्र तणनाशक घेईल असे मला वाटत नाही.

बियाण्यात तणभात मिसळले आहे का, हे पाहायला तूस काढून तांबडे दाणे मोजतात. आमचे बियाणेच तांबडे, त्यामुळे ती परीक्षा इथे कामाची नाही. मी आता भिंग घेऊन दाण्याचे बूड पाहतो. झोडून काढलेल्या दाण्याच्या बुडाशी मोडल्याचा ओबडधोबड व्रण असतो आणि आपणहून सुटलेल्याचे बूड गुळगुळीत असते. यंदाच्या तरव्यासाठी मूठभर बी असे तपासले, त्यात दोन गुळगुळीत निघाले.