पामीरमध्ये सायकल, एक अर्धवट परमिट आणि गुरुजींचं घर

पामीरला सायकल घेऊन जायचा विचार असेल तर आधी परमिटबद्दल बोलतो, कारण त्याची चीड अजून गेली नाहीये. ताजिकिस्तानचा व्हिसा मिळाला म्हणजे सगळा देश मोकळा झाला असं नाही, पूर्वेकडचा गोर्नो-बदख्शान म्हणून जो डोंगराळ भाग आहे त्यासाठी वेगळं परमिट लागतं. मी २०१९ मध्ये गेलो तेव्हा माझ्या परमिटवर जिल्ह्यांची नावं एकेक करून लिहिलेली होती. ज्या एजंटकडून ते काढलं त्याला मी पूर्ण रूट लिहून दिला होता, वाखान व्हॅलीतून जाणार हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्याने इश्काशिम जिल्हाच गाळला. वाखान त्याच जिल्ह्यात येतं! पैसे मात्र पूर्ण घेतले.

हे कळलं थेट चेकपोस्टवर. राजधानी दुशान्बे ते गोर्नो-बदख्शानचं मुख्य शहर खोरोग मजेत झालं होतं, ते सगळं सांगत बसत नाही. खोरोगच्या पुढे पंज नदीच्या कडेकडेने रस्ता जातो, पलीकडे अफगाणिस्तान, तिकडच्या शेतातली माणसंसुद्धा दिसतात. चेकपोस्टवरचा शिपाई पोरगेलासा होता, त्याने पासपोर्ट वहीत उतरवायला घेतला, मग परमिटवर बोट ठेवून यादी वाचली, परत वाचली आणि मान हलवली. मी नकाशा दाखवला, व्हिसा दाखवला, काही उपयोग नाही. नाव नाही म्हणजे नाही. बरं, तो उद्धट अजिबात नव्हता, मला बसवून चहा दिला, पण सोडलं नाही. आणि वार शनिवार, म्हणजे मागे खोरोगला जाऊन नाव घालून घ्यायचं तरी ऑफिस सोमवारीच उघडणार.

मागे वळलो, समोरून वारा (दुपारनंतर तिथे वारा सुटतोच, त्यामुळे निघायचं तर पहाटे निघा), आणि पहिल्याच गावात एका माणसाने हात केला. शाळेत शिक्षक. कुठला विचारलं, हिंदुस्तान म्हटल्यावर राज कपूर, मिथुन, शाहरुख अशी नावं धडाधड आली आणि सायकल त्यांनी स्वतःच फाटकातून आत नेली. माझ्याकडे रशियन जेमतेम, त्यांच्याकडे इंग्लिश जेमतेम. परमिट दाखवल्यावर त्यांनी ते वाचलं, एजंटच्या नावाने त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले (मला समाधान वाटलं) आणि खुणेने सांगितलं, सोमवारपर्यंत इथेच राहायचं.

पामिरी घर आतून बघण्यासारखं असतं. मधे मोठी खोली, पाच खांब, पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसैन यांच्या नावाचे, आणि छताला एकात एक चार चौकोनांचा झरोका. ही मंडळी इस्माइली, म्हणजे शिया मुस्लिमांतला एक पंथ, भिंतीवर त्यांचे धर्मगुरू आगा खान यांचा फोटो होता, आणि बायकापुरुष एकत्रच जेवायला बसतात. सकाळी शीरचाय, म्हणजे मीठ आणि लोणी घातलेला दुधाचा चहा, त्यात रोटी मोडून टाकायची. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, पण सायकलवाल्याला दिवसभर पुरेल असं दुसरं काही नाही, दुसऱ्या दिवशी मी मागून घेतला. रोटी उलटी ठेवू नका हं, तिथे ते फार वाईट दिसतं. आणि चहाची वाटी अर्धीच भरली तर नाराज होऊ नका, थोडा थोडा गरम चहा पुन्हा पुन्हा देणं हा मान असतो.

मला मात्र तो रविवार जाता जाईना. व्हिसाचे दिवस चाललेत, पुढे घाट आहेत, मी सारखा परमिट काढून बघत होतो, जसं काही नाव आपोआप उमटणार होतं. घरातल्या आजीने शेवटी ते हातातून घेतलं, घडी घालून फळीवर ठेवलं आणि मला जर्दाळू वाळत घालायला बसवलं.

सोमवारी गुरुजींनी शेजाऱ्याच्या गाडीत बसवलं आणि स्वतः सोबत आले, शाळा बुडवून. त्यांच्याशिवाय माझं काम झालं नसतं हे लिहूनच ठेवतो. फॉर्म मला वाचता येत नव्हता, तो त्यांनी भरला. फी बँकेत भरा, पावती घेऊन या, मग साहेब जेवायला गेलेत, मग दुसऱ्या खोलीत जा. मी दोनदा आवाज चढवायच्या बेतात होतो, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीतल्या बाईंशी अगदी शांतपणे बोलले. संध्याकाळी ऑफिस बंद होता होता इश्काशिमचं नाव आलं, शिक्क्यासकट. इतका आनंद मला नंतर ४,६५५ मीटरच्या अक-बैताल घाटावरही झाला नाही!

पुढचं वाखान, लंगर, खारगुशचा घाट, अलिचूर, मुर्गाब हे रेती आणि खड्ड्यांतून पार पडलं, आमंत्रणं तर रोजच. त्यावरून एक सांगतो. शेतातून जाताजाता कुणी “चहा” म्हणून ओरडलं तर ते पुष्कळदा नुसतं अगत्य असतं, छातीवर हात ठेवून रहमत (धन्यवाद) म्हणा आणि पुढे व्हा. पुन्हापुन्हा बोलावलं, रस्त्यावर येऊन हँडल धरलं, तर खरंच जा. या घरांत पैसा कमी आहे आणि पाहुण्यापुढे असेल नसेल ते सगळं मांडतात, म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. होमस्टे असेल तर दर आधी विचारून पूर्ण द्या. नुसतं घर असेल तर पैसे बहुतेक घेत नाहीत, गुरुजींनी दोनदा परत केले. मग मी गावातल्या दुकानातून साखर, तेल आणि चहापत्ती आणून आजीकडे दिली, ती घेतली. रोख सोमोनी (तिथलं चलन) खोरोगमध्येच काढून ठेवा.

आणि परमिट हातात पडल्या पडल्या, एजंटच्या समोरच, एकेक जिल्हा नकाशाशी ताडून बघा. तो घाई करेल, करू द्या.