अमेरिका आडवी आली नसती तर?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एकांना उत्तर ‘हो’ हवं असतं, दुसऱ्यांना ‘नाही’, आणि माझं बोलणं अर्ध्यावर यायच्या आत दोघंही आपापलं सांगायला लागतात. प्रश्न असा, की बाहेरच्यांनी सुखानं जगू दिलं असतं तर कम्युनिस्ट राजवटी यशस्वी झाल्या असत्या का? विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा क्युबा असतो. म्हणून क्युबाबद्दलच बोलतो.

‘नाही’वाले बाहेरचा हस्तक्षेप ही एक सबब आहे असं समजून चालतात. ती सबब नव्हे. क्रांती झाली जानेवारी १९५९ मध्ये. पुढच्याच वर्षी क्युबातल्या परदेशी तेल कंपन्यांनी सोव्हिएत कच्चं तेल शुद्ध करायला नकार दिला, क्रांतीचे नेते फिडेल कास्त्रो यांनी त्या कंपन्या ताब्यात घेतल्या आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरनी अमेरिका क्युबाकडून घेत असलेल्या साखरेचा कोटा कापला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या लेस्टर मॅलरींनी एक टिपण लिहिलं होतं. बहुसंख्य लोक कास्त्रोंच्या मागे आहेत, तेव्हा पैसा आणि माल तोडावा, म्हणजे भूक आणि हताशा वाढून सरकार पडेल, असा त्याचा मथितार्थ. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेनं तयार केलेले सुमारे १,४०० क्युबन निर्वासित क्युबातल्या बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले आणि हरले. फेब्रुवारी १९६२ मध्ये पुढचे अध्यक्ष केनेडींनी जवळजवळ सगळाच व्यापार बंद केला. सही करण्याआधी त्यांनी स्वतःसाठी १,२०० क्युबन सिगार मागवून घेतले होते. ही हकिगत त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनीच सांगितलेली आहे. १९९२ च्या कायद्यानुसार तर क्युबाच्या बंदरात व्यापारासाठी लागलेल्या जहाजाला पुढचे १८० दिवस अमेरिकेत माल चढवता-उतरवता येत नाही. क्युबाशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशाच्या जहाजमालकानं काय निवडावं, ते उघड आहे.

हे सगळं मान्य. पण ‘हो’वाल्यांना मी १९६१ हेच वर्ष आठवायला सांगतो. आक्रमण झालं ते हेच वर्ष, आणि क्युबाचं सगळ्यात मोठं यश तेही याच वर्षातलं. एक लाखाहून जास्त शाळकरी मुलं-मुली कंदील आणि अंकलिपी घेऊन खेड्यापाड्यांत गेली, शेतकऱ्यांच्या घरी राहिली, दिवसा त्यांच्याबरोबर शेतात राबली, रात्री शिकवलं. वर्षाअखेर सुमारे सात लाख प्रौढ लिहायला-वाचायला शिकले. एस्काम्ब्राय डोंगरात प्रतिक्रांतिकारी टोळ्यांनी कोन्रादो बेनितेझ या १८ वर्षांच्या शिक्षकाला जानेवारीतच ठार केलं होतं. तरी मोहीम थांबली नाही. म्हणजे हस्तक्षेप ऐन भरात असताना या राज्याला जे मनापासून करायचं होतं ते जमलं.

मग अन्नाचं का जमलं नाही? इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण क्युबाची जमीन सुपीक आहे आणि रताळी पिकवायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. मार्च १९६८ मध्ये कास्त्रोंनी उरलेसुरले पन्नास हजारांहून अधिक छोटे धंदे सरकारजमा केले. खाण्याच्या टपऱ्या, न्हाव्याची दुकानं, चपला शिवणारे, सगळे. यात अमेरिकेचा हात नव्हता. १९७० मध्ये एक कोटी टन साखरेचा हट्ट धरून सगळा देश उसाच्या फडात उतरवला. साखर निघाली ८५ लाख टन, आणि दरम्यान बाकीच्या कामांचा बोजवारा उडाला. बहुतेक शेतमाल सरकारी यंत्रणेलाच, तिनं ठरवलेल्या भावानं विकायचा. ट्रक वेळेवर आला नाही तर टोमॅटो बांधावर सडणार. शेतकऱ्यानं मग जास्तीचं पिकवायचं कशासाठी? पडीक रानं मराबू नावाच्या काटेरी झुडपानं व्यापली, आपल्याकडे वेडी बाभूळ माजते तशी. खतं आणि सुटे भाग न मिळण्यात निर्बंधांचा वाटा होता, ते खरंच. पण सोव्हिएत संघ चढ्या भावानं साखर घेत होता आणि स्वस्तात तेल देत होता, त्या काळातही क्युबा बरंचसं धान्य बाहेरून आणत होता. सोव्हिएत संघ संपल्यावर अर्थव्यवस्था साधारण एक तृतीयांशानं आकसली. १९९२ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते हरकिशनसिंग सुरजीत यांच्या पुढाकारानं भारतातून गव्हाचं जहाज क्युबाला गेलं, ते त्या उपासमारीत.

क्युबाची गोष्ट इथेच संपवली असती तर वाद मिटलाच नसता. म्हणून मी व्हिएतनाम पुढे करतो. व्हिएतनामइतका मार क्युबानं खाल्लेला नाही. अमेरिकेशी झालेल्या युद्धात लाखो माणसं मेली, जंगलांवर विष फवारलं गेलं, युद्ध संपल्यावर अमेरिकी निर्बंध सगळ्या देशाला लागू झाले, १९७९ मध्ये तर चीननं, म्हणजे दुसऱ्या कम्युनिस्ट देशानंच, हल्ला केला. सामूहिक शेती तिथेही होती आणि तिथेही ती फसली. पण १९६६ मध्येच विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी सामूहिक जमीन ठरावीक उत्पादनाच्या बोलीवर कुटुंबांना कसायला देऊन पाहिली होती. पीक वाढलं. पक्षानं दोन वर्षांत त्यांचे कान उपटून हे बंद पाडलं. वीस वर्षांनी, महागाई शेकडो टक्क्यांवर गेल्यावर, डिसेंबर १९८६ च्या अधिवेशनात त्याच पक्षानं दिशा बदलली, आणि १९८८ मध्ये जवळपास किम न्गोक यांचीच पद्धत देशभर लागू केली. १९८९ मध्ये व्हिएतनामनं दहा लाख टनांहून जास्त तांदूळ निर्यात केला. क्लिंटननी निर्बंध उठवले फेब्रुवारी १९९४ मध्ये. ही दोन सालं शेजारी ठेवून पाहा. आज व्हिएतनाम क्युबाला तांदूळ मदत म्हणून पाठवतो.

यावर ‘नाही’वाले लगेच म्हणतात, मग तो कम्युनिझम उरला कुठे? विचारायला हरकत नाही. सत्ता अजून एकाच पक्षाकडे आहे आणि सरकारविरुद्ध लिहिणारे अजून तुरुंगात जातात. त्याला मी यश म्हणत नाही. पण पोट भरणं ही गोष्ट निर्बंध असतानाही साधता येत होती, एवढं त्यातून दिसतं.

माझं मत विचाराल तर निर्बंधांनी क्युबाचं दुहेरी नुकसान केलं. माल अडला हे एक. दुसरं असं, की हवानातल्या सरकारला प्रत्येक चुकीसाठी तयार कारण मिळालं आणि चूक दाखवणारा शत्रूचा हस्तक ठरला. किम न्गोकवर टीका झाली, पण वीस वर्षांनी का होईना पक्ष त्यांच्या वाटेनं गेला. वेढ्यात बसलेल्या माणसाला तेवढीही सवड नसते. म्हणून निर्बंध उठवावेत, उद्याच उठवावेत, असं मी म्हणतो. पण ते उठले की सगळं सुरळीत होईल, असं म्हणत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ओबामा आणि फिडेल यांचे भाऊ, तेव्हाचे क्युबाचे अध्यक्ष राऊल कास्त्रो यांनी संबंध सुधारायचं ठरवलं, पर्यटक वाढले, हवानात घराघरांत भाड्याच्या खोल्या आणि छोटी हॉटेलं निघाली. जून २०१७ मध्ये ट्रम्पनी मियामीत जाऊन अमेरिकी प्रवाशांवरचे नियम पुन्हा आवळायचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये क्युबाच्या सरकारनं नव्या खानावळींना आणि भाड्याच्या खोल्यांना परवाने देणं थांबवलं. ज्यानं नुकतीच घरातली एक खोली रंगवून पाहुण्यांसाठी तयार ठेवली होती, त्याचं गिऱ्हाईक एकानं पळवलं आणि परवाना दुसऱ्यानं अडवला.