रिमांड होमच्या तपासणीला गेले त्याची गोष्ट

आमच्या जिल्ह्याच्या तपासणी समितीत माझं नाव आलं तेव्हा खरं सांगते, कलम ५४ काय हेही मला माहीत नव्हतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे की निरीक्षणगृह (म्हणजे आपलं रिमांड होम), बालगृह जे काही असेल तिथे तीन महिन्यांतून एकदा तरी किमान तिघांनी जाऊन बघायचं, त्यात एक मेडिकल ऑफिसर हवा आणि एक बाई हवी. ती बाई म्हणजे मी.

पहिल्या वेळी फॉर्म घेऊन गेलो, बेड किती, संडास किती, जेवणाचा तक्ता लावलाय का. आम्ही येणार हे आधीच कळलेलं असावं, चादरींच्या घड्याही मोडल्या नव्हत्या आणि फिनाइलचा वास असा की डोळ्यांत पाणी. तासाभरात टिका मारून झाल्या, पोहे, चहा, सही. मुलांशी बोललो तेही अधीक्षकांसमोर, मग काय, "जेवण चांगलंय मॅडम".

दुसऱ्या वेळी मी रजिस्टरच मागितलं आणि प्रत्येक नावापुढे एकच विचारत गेले, हा अजून इथे का? एक पंधरा वर्षांचा पोरगा, मोबाईल चोरीची केस, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाल न्याय मंडळाने, म्हणजे मुलांच्या केसेस बघणाऱ्या कोर्टाने, तिसऱ्याच दिवशी जामीन दिलेला, पण आईबाप ऊसतोडीला गेलेले, फोन बंद, घ्यायला कोणी आलंच नाही, असे तेवीस दिवस. खरंतर जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर मुलाला परत मंडळासमोर न्यायचं असतं, अट बदलून घ्यायला. ते राहूनच गेलेलं. कोणाच्या मनात वाईट होतं असं नाही हो, मुलाच्या घरची माहिती काढणारे परिविक्षा अधिकारी एकच, त्यांच्यावर दुसरीकडचाही चार्ज, १५ दिवसांत द्यायचा सामाजिक तपासणी अहवालसुद्धा पेंडिंग. मी पोराला बाजूला घेऊन विचारलं, घरी दुसरं कोण आहे रे? म्हणाला, "आत्या हाय की, पन तिला कुनी इचारलंच न्हाई."

फॉर्ममध्ये याला रकानाच नाही! "इतर शेरा" अडीच ओळींचा, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. अहवाल द्यायला आठवडा असतो, पण डॉक्टर म्हणाले आत्ताच कळवू, आणि त्यांनी तिथूनच मंडळाच्या सदस्यांना फोन लावला. पुढच्या बैठकीत अट बदलली, आत्या येऊन घेऊन गेली, येताना नव्या चपला आणल्या होत्या म्हणे.

आता मी स्वतःचा एक कागद नेते, जामीन कधी, अहवाल कधी, मंडळाला चौकशीसाठी मिळणारे चार महिने कधी संपतात, एवढंच. कोणी नव्याने समितीवर गेलात तर मुलांशी एकट्याने बोला आणि पोहे शेवटी खा.

महिन्याभराने पूर्तता अहवाल आला, म्हणजे आमच्या अहवालावर काय केलं त्याचा कागद. बाथरूमचा नळ बसवला, फोटोसकट. मागच्या पानाबद्दल एक अक्षर नाही.